फुकुशिमा: किरणोत्सर्गापेक्षा बातम्यांनीच जास्त माणसं मारली का?

मापात_माप

जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघाताचा विषय निघाला की आपली चॅनेलं अजूनही तोच धुराचा लोट दाखवतात, मागे ढणढण संगीत लावून. म्हणून थोडं आकड्यांत बोलतो.

११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत अठरा हजारांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. दोन-चार दिवसांत जगभरचे कॅमेरे त्यांना सोडून त्सुनामीने बिघडलेल्या अणुभट्टीकडे वळले. किरणोत्सर्गाचा बळी म्हणून जपान सरकारने मान्य केलेलं प्रकरण एकच, तेही २०१८ मध्ये: फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेलेला एक कामगार. उलट फुकुशिमा प्रांतात घरदार सुटल्यामुळे, औषधपाण्याची आबाळ झाल्यामुळे, खचून गेल्यामुळे जे नंतर दगावले त्यांची संख्या २,३०० च्या वर जाते.

बाहेर काय चाललं होतं? चीनमध्ये आयोडीन मिळेल म्हणून मिठाच्या पुड्यांवर झुंबड. फिलिपिन्समध्ये बीबीसीच्या नावाने खोटा एसएमएस, की पावसात भिजू नका आणि मानेला बीटाडिन लावा. बीटाडिन! पॅसिफिकच्या पलीकडे अमेरिकेत दुकानांतल्या आयोडाइडच्या गोळ्या (किरणोत्सर्गी आयोडीन थायरॉइडमध्ये साठू नये म्हणून घेतात त्या) संपल्या. ही भीती माध्यमांनीच पेरली, असं माझं ठाम मत आहे.

बारा_गावचं_पाणी

साफ असहमत. भीती पेरली ती गप्प बसलेल्यांनी.

१२ मार्चला दुपारी ३.३६ ला एक नंबरच्या युनिटची इमारत फुटली. फुकुशिमातल्या स्थानिक वाहिनीचा एक जुना कॅमेरा १७ किलोमीटरवर डोंगरात उभा होता, त्यात ते टिपलं गेलं. स्थानिक वाहिनीने चार मिनिटांत दाखवलं. देशभरच्या प्रेक्षकांना ते दिसायला तासाहून जास्त वेळ गेला. आधी तज्ज्ञांना विचारून घेऊ म्हणे! त्याच दिवशी अणुसुरक्षा संस्थेचा प्रवक्ता पत्रकारांना म्हणाला की अणुभट्टीचा गाभा वितळत असण्याची शक्यता आहे. त्याला बाजूला करून दुसरा माणूस बसवला. इंधन वितळल्याचं प्रकल्प चालवणाऱ्या टेप्को कंपनीने मान्य केलं तेव्हा मे उजाडला होता.

आणि नामिए गावाचं काय? तिथले लोक प्रकल्पापासून लांब म्हणून वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन राहिले. वारा नेमका तिकडेच वळला. पोरं उघड्यावर खेळत होती. किरणोत्सर्ग कुठे पसरेल याचा अंदाज काढणारी स्पीडी नावाची संगणक यंत्रणा सरकारकडे होती. तिचे नकाशे लोकांसमोर आले २३ मार्चला. अमेरिकी लष्कराला मात्र १४ तारखेलाच मिळाले होते.

आता बोला, जास्त बातम्यांनी घात केला की कमी बातम्यांनी?

तोक्योची_सून

मी तेव्हा इथेच, तोक्योत होते, मुलगी तान्ही होती. २३ मार्चला जाहीर झालं की शहराच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात लिटरमागे २१० बेक्वेरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किरणोत्सर्गी आयोडीन सापडलंय. तान्ह्या बाळांसाठी मर्यादा १००. महापालिकेने बाळं असलेल्या घरांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि दुसऱ्या दिवशी आकडा उतरल्यावर सूचना मागेही घेतली. दुकानांत पाणी नव्हतं हे खरं, पण किती, कुठे आणि काय करायचं एवढं कळलं की हातपाय तरी हलतात. त्याच्या आधीचे दिवस वाईट गेले. सरकारी प्रवक्ते निळा डगला घालून टीव्हीवर यायचे आणि “तूर्तास आरोग्यावर परिणाम नाही” म्हणायचे. तूर्तास म्हणजे किती दिवस, हे कोणी सांगेना. पुण्याहून सासूबाईंचे फोन सुरूच. हिंदी चॅनेलवर तोक्यो रिकामं झालंय असं पाहून त्या रडत होत्या, आणि मी खिडकीतून ऑफिसला निघालेली माणसं बघत होते.

मापात_माप

@तोक्योची_सून, ताई, सासूबाईंचं रडणं हाच माझा मुद्दा!

@बारा_गावचं_पाणी, लपवाछपवी झाली, मान्य. पण संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या अहवालानुसार तिथल्या रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सर्गामुळे आरोग्य बिघडल्याची नोंद नाही. हे किती वाहिन्यांनी दाखवलं? “काही झालं नाही” ही बातमी विकत नाही.

नाटे_बंदर

तुम्ही आकडे मांडा, आम्ही कोकणातले ऐकतो. फुकुशिमा पेटलं तेव्हा जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्धचं आंदोलन ऐन भरात होतं. ९,९०० मेगावॅट, माडबनच्या सड्यावर. आमचा विरोध जमीन आणि मासेमारीपायी आधीपासूनचा. त्या महिन्यानंतर मात्र मुंबईच्या पेपरांत आम्ही एकदम “टीव्ही बघून घाबरलेले गावकरी” झालो. १८ एप्रिलला साखरी-नाट्यात गोळीबारात माणूस गेला, तरी भाषा तीच. लोकांना शंका आली की तिला भीती म्हणायचं, म्हणजे उत्तर द्यायला नको.

रात्रपाळी

मी नर्स आहे, म्हणून २,३०० च्या आकड्यावर बोलते. फुताबा रुग्णालय प्रकल्पापासून पाचेक किलोमीटरवर. १४ मार्चला तिथले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसच्या सीटवर बसवून काढले. मध्ये किरणोत्सर्गाची तपासणी, रस्ते बंद म्हणून लांबचा वळसा, दहाएक तास प्रवास. ना सलाइन, ना सोबत नर्स. उतरवलं ते इवाकीतल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत. काही जण वाटेतच गेले. ही माणसं बातम्या बघून घाबरून पळाली नव्हती. त्यांना हलवण्याचा आराखडाच कुणाकडे नव्हता. हे मृत्यू माध्यमांच्या खात्यावर टाकू नका.

बारा_गावचं_पाणी

@रात्रपाळी +१. आणि माध्यमांच्या खात्यावर जे टाकायचं ते वेगळंच आहे. मोठ्या जपानी वृत्तसंस्थांनी आपले बातमीदार त्या परिसरातून मागे घेतले, आणि वाचकांना मात्र सरकारी “काळजी नसावी” छापून दिलं. प्रकल्पाजवळच्या मिनामिसोमाच्या महापौरांना २४ मार्चला यूट्यूबवर व्हिडिओ टाकून सांगावं लागलं की गावात माणसं अडकलीत, माल पोचत नाही, पत्रकार फोनवरूनच विचारपूस करतात.

मापात_माप

मिनामिसोमाचा मुद्दा वजनदार आहे. पण बातमीदार तरी का गेले? तेही भीतीनेच ना?

नाटे_बंदर

मग त्यांना कोणी नाही म्हटलं, “टीव्ही बघून घाबरलेले” म्हणून!