मदत हवी आहे: सकाळी आखडते, दुपारी चालते-फिरते, हे घरच्यांच्या गळी कसं उतरवू?

नमस्कार मंडळी,

देवगडजवळच्या एका गावात राहते. घरात सासू-सासरे, नवरा, मुलं. मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे आमवात म्हणतात तोच. औषधं कोल्हापूरच्या डॉक्टरांची चालू आहेत, त्यामुळे कृपया निरगुडीचा शेक आणि मेथीचे लाडू सुचवू नका. ते घरात रोज सुचवले जातात.

घरचे वाईट नाहीत. पण म्हातारपणी गुडघे झिजतात तो वात त्यांना ठाऊक आहे. माझ्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते, हे काही पटत नाही. त्यात सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ आला होता, तेव्हापासून सासऱ्यांच्या मते 'काय्येक नाय'.

खरी गोची वेळेची आहे. रात्रभर सांधे हलत नाहीत, पहाटे सूज जास्त असते. उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. ब्लाउजचा हूक लागत नाही, पेजेचा टोप चुलीवरून उतरवताना मनगटात कळ येते, पिळलेल्या कपड्यांतून पाणी गळत राहतं. हलत राहिलं की हळूहळू सुटतं आणि अकरापर्यंत मी बरी दिसते. म्हणजे कामाच्या वेळी आजारी, काम आटोपलं की ठणठणीत! सासूबाई परवा म्हणाल्या, "सकाळी उठूक होना नाय, नि दुपारी बरी कशी होतंस गो?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही.

दुसरा घोळ गोळीचा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. 'आठवड्याक एक गोळी, मगे आजार तो केवढो?' शनिवारी घेते, रविवारी मळमळ आणि अंगात त्राण नाही. नेमके त्याच दिवशी बांगडे येतात. मोठ्या जाऊबाई तर मायेनेच म्हणाल्या, रोज एक घे, लवकर बरी होशील. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, रक्तातल्या पेशी घटतात. म्हणून पाकीट आता कपाटात कुलपात ठेवलंय, त्याचाही अर्थ वेगळा लागला.

आता गणपती तोंडावर. मुंबईची मंडळी येणार, उकडीचे मोदक ठरलेले. पारीला कळ्या पाडायला लागतो तो अंगठा आणि ती दोन बोटंच माझी सुजलेली असतात. सारण करीन, नारळ दुसऱ्या कुणी खवावा, पूजेची तयारी दुपारनंतरची माझ्याकडे द्यावी, एवढंच मागणं आहे. हे मी बोलावं की नवऱ्याने? तो बोलला तर 'बायकोचा ऐकता' होतं, मी बोलले तर कामचुकार. तुमच्या घरी कुणी, कसं बोललं?

भर: प्रतिसादांबद्दल आभार. सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन जा, हे बऱ्याच जणांनी सुचवलंय. विचार चांगला आहे, पण घाटात त्यांना गाडी लागते, त्या तयार होत नाहीत. फोनवर बोलणं करून देता येईल का ते डॉक्टरांना विचारते. तोवर कुणाकडे या आजाराबद्दल साध्या मराठीतला व्हिडिओ असेल तर द्या. हिंदीतला लावला की त्या उठून गोठ्यात जातात.