गुण जुळले म्हणून चाचणी भरवशाची?
त्याच लोकांनी तीच चाचणी दोनदा दिली आणि दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध (पहिल्या खेपेला पुढे असलेले दुसऱ्या खेपेलाही किती पुढे राहतात याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९ आला म्हणजे चाचणी पक्की, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. सगळ्यांचे गुण पाच-पाचने वाढले तरी सहसंबंध तोच राहतो, आणि तोंडी हिशेबात सरावाने ते वाढतातच.

पासॅट या तोंडी बेरजेच्या चाचणीत दर ३ सेकंदांनी एक अंक ऐकू येतो. तो आधी ऐकलेल्या अंकात मिळवायचा, आपल्या उत्तरात नाही. मी करून पाहिली तेव्हा ७ नंतर ५ आला, 'बारा' म्हटलं. मग ३ आला आणि तोंडातून थेट 'पंधरा'! हवं होतं आठ. दुसऱ्या खेपेला लबाडी सुचली: एक उत्तर द्यायचं, पुढचं सोडायचं. डोकं शांत, तरी ६० पैकी ३० खिशात. म्हणूनच काही जण लागोपाठ बरोबर आलेल्या उत्तरांच्या जोड्या वेगळ्या मोजतात.