शेल्टरमधला वयस्कर कुत्रा घरी आणताना: तुमचे अनुभव

खाडीकाठची
मावसभावाचा रत्नागिरीहून फोन होता. "ताई, शेल्टरमधला ८-९ वर्षांचा कुत्रा आणतोय, तब्येतीचं काय काय बघू?" आणि आमचा बाळू डोळ्यांपुढे आला. आणला तेव्हा दिवसभर पडवीत लोळत पडायचा. घरीदारी सगळ्यांचं एकच, वय झालंय, चालायचंच. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक. रक्त तपासलं, प्लेटलेट पार तळाला. गोचीड ताप! डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स झाला आणि म्हातारबुवा कोंबड्यांमागे पळायला लागले. तेव्हा भावाला म्हटलं, आण खुशाल, पण पहिल्याच आठवड्यात रक्त तपासून घे. बाकी तुम्ही लिहा, त्याला धागा पाठवते.

गडगेवाला
गोचीड +१. पाऊस सरला की आमच्याकडे नुसता उच्छाद. कुत्र्याला गोळी देऊन भागत नाही, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत बसलेले असतात मेले. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघायचं.

सोलकढी
तोंडाचा वास घ्या आधी. हसू नका. आमच्या शेरूच्या दाढा कुजलेल्या, म्हणून जेवत नव्हता. दात काढायला भूल द्यावी लागते, त्याआधी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं. म्हणजे निघालो दातासाठी, सापडली किडनी. आता सुकट बंद, खारं काहीच नाही. आईला अजून पटत नाही. "कोकणातला कुत्रा आणि सुकट नाही?" मी नसताना देते, मला माहीत आहे.

गडगेवाला
आमच्याकडे आजी चहात बुडवून बटर देते 😄

नाचणीभाकरी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. लेप्टोची लस!! लेप्टो हा रोग उंदरांच्या मुतातून पसरतो, पावसात खाचरातलं पाणी कुत्री पितातच. माणसांनाही होतो. कुत्र्याला लस दरवर्षी द्यावी लागते. रेबीजचं कार्ड शेल्टरकडून मागून घ्या, नसेल तर लस परत द्या सरळ.

तात्या मालवणकर
आमच्या राजाक सकाळी उठूक जमणा नाय. घरात फरशी घातली तेवापासून पाय सरकतत. खळ्यात सारवलेल्या जमनीर बरो चालता. ढोपरां दुखतत तर माझी दुखण्याची गोळी देव काय?

सोलकढी
तात्या नको!! आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषासारखं. पोटात रक्तस्राव होतो, किडनी-लिव्हर जातं. त्यांच्या सांधेदुखीची औषधं वेगळी असतात, तीही रक्त तपासून. तोवर फरशीवर जुनी गोणपाटं टाका आणि वजन वाढू देऊ नका.

ठमीची आई
मादी आणणार असाल तर नसबंदी झालीय का, हे नक्की विचारा. ठमीची झालेली नव्हती. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी घटाघट पाणी प्यायला लागली, जेवण बंद. गर्भाशयात पू. आमच्या तालुक्याला सोनोग्राफी नाही, रात्रीच फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. ऑपरेशन झालं, वाचली. एक दिवस थांबलो असतो तर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.
आणि हो, डोळे निळसर दिसले की लोक मोतीबिंदू म्हणून घाबरतात. वयामुळे भिंग घट्ट होऊनही तसं दिसतं, नजर बरीचशी शाबूत असते. दाखवून मात्र घ्या.

गडगेवाला
फोंडा घाटाचा रस्ता आता कसा आहे? शिमग्याला कोल्हापूरहून पाहुणे यायचेत.

ठमीची आई
रात्री नकोच. धुकं.

नाचणीभाकरी
तात्या, राजाला दाखवलंत का?

तात्या मालवणकर
फाल्या न्हेतंय. आज घरात तुळशीचा लगीन, भटजी सांजचे येतले.

नाचणीभाकरी
ऊस मिळाला का तुम्हाला? आमच्या बाजारात संपला.

तात्या मालवणकर
वायच लवकर जाऊक व्हया होता गो.