मदत हवी आहे: पद आणि कंपनीचा आकार लक्षात घेतला की स्त्री अधिकाऱ्यांचे वेतन पुरुषांपेक्षा जास्त दिसते

अर्धविराम
नमस्कार. कंपन्यांमधील सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या वेतनातील स्त्री-पुरुष तफावत हा माझ्या प्रबंधातील एका प्रकरणाचा विषय आहे आणि ते प्रकरण एकाच जागी अडले आहे. नुसती सरासरी काढली तर स्त्रियांचे वेतन बरेच कमी येते. परंतु रिग्रेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा काढणाऱ्या संख्याशास्त्रीय गणितात, पद, कंपनीचा आकार, वय, शिक्षण आणि अनुभव घातले की तफावत कमी होऊन थांबत नाही, तर उलटी होते आणि स्त्रियांचे वेतन थोडे जास्त दिसू लागते. कोडमध्येच चूक असणार, असे मार्गदर्शकांचे ठाम मत आहे. कोड पुन्हा पुन्हा तपासला आहे, त्यात चूक नाही. असा निकाल खरा असू शकतो का, एवढेच कृपया लवकर सांगावे, कारण प्रकरण सादर करण्याची मुदत जवळ आली आहे.

कोष्टक
एवढ्या माहितीवर कोणीच उत्तर देऊ शकणार नाही. डेटा कोणता आणि कोणत्या वर्षांचा? वेतन म्हणजे मूळ पगार आणि बोनस, की शेअर व स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क) हेसुद्धा? ऑप्शन धरले असतील तर ते दिले त्या दिवशीचे मूल्य घेतले आहे, की ते वापरल्यावर प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम? डेटा अमेरिकेतील असेल तर 2006 मध्ये वेतन जाहीर करण्याचे नियम आणि ऑप्शनच्या हिशेबाची पद्धत दोन्ही बदलले. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे तसेच जोडले असतील तर आधी ते दुरुस्त करावे.

दीर्घसेवा
मी बरीच वर्षे मनुष्यबळ विभागात वरिष्ठ नेमणुका पाहिल्या आहेत. माझा अनुभव असा की नेमणुकीच्या वेळी स्त्रिया पहिलाच प्रस्ताव मान्य करतात आणि पुढची प्रत्येक वाढ त्याच पायावर मोजली जाते. त्यामुळे वेतनाची बोलणी कशी करावी याचे प्रशिक्षण कंपन्यांनी द्यायला हवे, आणि आपल्या प्रकरणात तशी शिफारस अवश्य असावी.

कोष्टक
दीर्घसेवा, आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु तो येथे लागू कसा होतो? स्त्रियांना कमी का मिळते असे अर्धविराम यांनी विचारलेलेच नाही. त्यांच्या निकालात समान पदावर स्त्रियांना जास्त मिळते आहे आणि अडचण तीच आहे.

अर्धविराम
डेटा एक्झेक्युकॉम्पचा, म्हणजे अमेरिकी कंपन्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या वेतनाच्या माहितीसंचाचा आहे, 1992 पासूनचा. वेतनात सर्व घटक धरले आहेत. ऑप्शन दिल्याच्या दिवशीचे मूल्य घेतले आहे आणि प्रत्येक वर्षासाठी गणितात वेगळे चल (वेगळा घटक) असल्यामुळे 2006 चा बदल त्यात येतो.

पडताळा
वर्षाच्या चलाने तो बदल पूर्ण झाकला जात नाही, कारण ऑप्शनचा वाटा जितका मोठा तितका नव्या पद्धतीचा परिणाम मोठा. दोन्ही कालखंड वेगवेगळे चालवून पाहावेत. पण आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. असा निकाल खरा असू शकतो आणि तो यापूर्वी आलेला आहे.

बर्ट्रांड आणि हॅलॉक या संशोधकांनी 2001 मध्ये याच डेटाची 1992 ते 1997 ही वर्षे तपासली. त्यांच्या नमुन्यात स्त्रिया सुमारे 2.5 टक्के होत्या आणि त्यांचे वेतन पुरुषांपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी कमी होते. त्या तफावतीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग, स्त्रिया तुलनेने लहान कंपन्या सांभाळत होत्या आणि सर्वोच्च पदांवर कमी होत्या, एवढ्यावरूनच स्पष्ट होत होता. वय आणि ज्येष्ठता धरल्यावर न उलगडणारी तफावत 5 टक्क्यांहून कमी उरली. पुढे 2012 मध्ये गेल, गोलन आणि मिलर यांनी कारकिर्दीचा पूर्ण प्रवास धरला, तेव्हा त्यांना आपल्यासारखाच निकाल मिळाला. पद आणि पार्श्वभूमी सारखी असता स्त्रियांचे वेतन अधिक, बढती अधिक वेगाने, मात्र उत्पन्नातील अनिश्चितताही अधिक. असे असूनही संपूर्ण कारकिर्दीत त्या कमी कमावतात, कारण त्या या व्यवसायातून पुरुषांपेक्षा लवकर बाहेर पडतात, आणि तेथे खरा मोबदला टिकून राहणाऱ्यालाच मिळतो.

म्हणून माझा प्रश्न असा की बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांचे आपण काय केले आहे? एका वर्षाचे वेतन तोलून हे कोडे सुटणार नाही. त्यासाठी सर्व्हायवल मॉडेलच हवे, म्हणजे कोण किती काळ टिकते आणि केव्हा बाहेर पडते याचे गणित.

सावध_वाचक
मला हा सल्ला अपुरा वाटतो. पद हे निसर्गाने दिलेले नाही, ते कंपनीने दिलेले आहे. बढती देतानाच भेदभाव झाला असेल, तर पद समान धरून केलेली तुलना तोच भेदभाव पुसून टाकते आणि उरलेल्या गुणकाला, म्हणजे स्त्री असल्याने वेतनात पडणाऱ्या फरकाच्या आकड्याला, आपण न्याय म्हणू लागतो. बर्ट्रांड आणि हॅलॉक यांनीही असे स्पष्ट म्हटले आहे की असमान बढतीतून किंवा स्त्रियांना ठरावीक जागांपुरते ठेवण्यातून होणारा भेदभाव त्यांच्या निष्कर्षांमुळे नाकारला जात नाही. पद हे चल काढून टाकावे.

पडताळा
ते काढून टाकले तर बढतीतील फरक आणि वेतनातील फरक एकाच आकड्यात मिसळतात आणि कोणता किती हे कधीच कळत नाही. आपले म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या स्त्रिया वरपर्यंत पोहोचल्या त्या आधीच्या अनेक गळत्यांमधून टिकलेल्या आहेत. जेथे गळती अधिक, तेथे उरलेल्यांची सरासरी क्षमता बहुधा अधिक. धन गुणकाचा अर्थ कंपन्या स्त्रियांना झुकते माप देतात असा लगेच घेऊ नये.

दीर्घसेवा
गळतीचे कारण घर आणि मुले हेच आहे. बर्ट्रांड, गोल्डिन आणि कात्झ यांनी शिकागोतील एका व्यवस्थापन संस्थेच्या एमबीए पदवीधरांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला स्त्री-पुरुषांचे वेतन जवळजवळ सारखे होते आणि पुढे अंतर वाढत गेले. कामात पडलेला खंड आणि कामाचे कमी तास ही त्याची मोठी कारणे होती. गोल्डिन यांना 2023 मध्ये नोबेल मिळाले ते श्रमबाजारातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या संशोधनासाठीच.

सावध_वाचक
तो अभ्यास पदवीनंतरच्या पहिल्या दीड दशकाचा आहे. कंपनीच्या पहिल्या पाच अधिकाऱ्यांत नाव येते तोवर बहुतेकांची ती वर्षे मागे पडलेली असतात, म्हणून तेच कारण येथे जसेच्या तसे चालणार नाही. बाहेर पडणे स्वेच्छेचेच होते हे कशावरून? रायन आणि हॅसलम यांनी 2005 मध्ये ब्रिटनमधील मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांविषयी दाखवले की कामगिरी घसरलेली असताना तेथे स्त्रियांची नेमणूक होण्याकडे कल होता. बुडत्या कंपनीत नेमले तर कारकीर्द लांबेल कशी? अल्बानेसी, ओलिव्हेत्ती आणि प्रादोस यांनी 2015 मध्ये असेही दाखवले की कंपनीची भरभराट झाली तर स्त्री अधिकाऱ्यांच्या वेतनात तिचे प्रतिबिंब कमी पडते आणि नुकसान झाले तर त्याची झळ अधिक बसते. त्यांच्या हिशेबात एकूण तफावतीचा 93 टक्के भाग कामगिरीशी बांधलेल्या वेतनातून येतो. अशा अटींवर काम सोडणाऱ्या व्यक्तीने घरासाठी सोडले असे परस्पर ठरवणे मला मान्य नाही.

कोष्टक
कारणांची चर्चा महत्त्वाची आहे, पण प्रबंधातील प्रकरण कारणांपर्यंत अजून आलेलेच नाही. अर्धविराम, पडताळा यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

अर्धविराम
एखादी व्यक्ती डेटातून नाहीशी झाली की तिच्या नोंदी तेथेच संपतात, वेगळे काही केलेले नाही. कंपन्या मुख्यतः सर्वाधिक वेतन घेणाऱ्या पाच जणांचीच माहिती जाहीर करतात, त्यामुळे सहाव्या क्रमांकावर गेलेली व्यक्तीही नाहीशीच दिसते. हे बाहेर पडणे कसे मानावे?

पडताळा
सरसकट मानू नये. प्रथम ती कंपनी पुढील वर्षी डेटात आहे का ते पाहावे, कारण कंपनीच विलीन झाली असेल तर तो वेगळा शेवट आहे. नंतर तीच व्यक्ती दुसऱ्या कंपनीत पुन्हा दिसते का ते शोधावे, तसे असल्यास ती बदली झाली. शेवटच्या वर्षी जे पदावर आहेत त्यांची कारकीर्द अपूर्ण समजावी. 1992 मध्ये जे आधीपासून पदावर होते त्यांचा प्रारंभ आपल्याला दिसत नाही, म्हणून तेथे नोकरीत रुजू झाल्याची तारीख वापरावी लागेल, आणि ती पुष्कळ नोंदींत रिकामी असते. जे यानंतरही उलगडत नाहीत त्यांना एकदा बाहेर पडलेले आणि एकदा यादीतून घसरलेले मानून दोन्ही निकाल छापावेत.

सावध_वाचक
आणि पद न घेता केलेला निकालही त्याच तक्त्यात, पहिल्या स्तंभात.

अर्धविराम
पद न घेता पहिला स्तंभ, पद घेऊन दुसरा, आणि बाहेर पडण्याची शक्यता जोडून काढलेले कारकिर्दीचे एकूण अपेक्षित उत्पन्न तिसऱ्यात, अशी मांडणी करून मार्गदर्शकांना दाखवते. पदाच्या श्रेणी पदनामांवरून ठरवताना अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असतील तर वेगळी श्रेणी करावी का, हे कोणी केले असल्यास सांगावे.