लिमिटेड एडिशन सेको घड्याळ हातात आलं, आता पट्टा ठेवू की चेन लावू?

ठाणेकर_२०एमएम
मंडळी, आलं एकदाचं! सेको प्रेसाज कॉकटेल टाइम, स्टार बारवाली लिमिटेड एडिशन, निळं डायल. डीलरकडे नाव नोंदवून बरेच महिने झाले होते आणि काल फोन आला की या घेऊन जा. डायल फोटोत कळतच नाही हो, हात जरा फिरवला की मधून निघालेल्या रेघांवरनं उजेड सरकत जातो आणि कडेला निळा जवळजवळ काळा होतो, मी काल रात्री नुसता बघत बसलेलो.

आता मुद्द्याचं. सोबत ओरिजिनल लेदरचा पट्टा आहे, चकचकीत, फोल्डिंग क्लास्प (घडी होऊन बंद होणारी धातूची कडी) असलेला. मी रोज ठाणे ते सीएसएमटी लोकलने जातो, ऑफिसात एसी पण येताजाता घामाने मनगट चिकचिकीत होतं आणि जूनपासून तर विचारूच नका. पट्टा खराब झाला तर तोच परत मिळेल याची खात्री नाही. म्हणून स्टीलची चेन लावावी असं डोक्यात आहे, पण मित्र म्हणतो की असल्या ड्रेस वॉचला चेन लावली की त्याची मजा जाते. घड्याळ कपाटात ठेवायला घेतलेलं नाही, वापरायचंय. मनगट सव्वासहा इंच. तुम्ही काय केलं असतं?

किल्लीवाला
अभिनंदन भावा, मस्त पीस आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही सगळी कॉकटेल मालिका २०१० च्या सार्ब०६५ मॉडेलपासून सुरू झाली, आणि स्टार बारवाली एडिशन टोकियोत गिंझा भागात स्टार बार म्हणून बार आहे तिथले बारटेंडर हिसाशी किशी यांच्याबरोबर मिळून केलेली.

पहिलं काम, ओरिजिनल पट्टा आजच काढून ठेव, क्लास्पसकट. न वापरलेला पट्टा, बॉक्स, वॉरंटी कार्ड हे सगळं एकत्र असलं की पुढे कधी विकायची वेळ आली तर घेणारा तेच आधी विचारतो. आणि विकायचं नसलं तरी असू दे, मूळ जसं आलं तसं एकदा तरी परत जोडता आलं पाहिजे. फक्त तो पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नकोस, पावसाळ्यात शिलाईच्या रेघेत पांढरी बुरशी धरते आणि ती पुसली तरी डाग राहतो. सुती फडक्यात गुंडाळ, महिन्यातून एकदा वारा दे.

मग २० एमएमचा साधा मॅट काफ लेदरचा (वासराच्या कातड्याचा) पट्टा घे, गडद तपकिरी किंवा काळा, शिलाई त्याच रंगाची. पांढरी जाड शिलाई या डायलवर नको, सगळी नजर तिकडेच जाते. धारावीत सायन साइडला लेदरची दुकानं आहेत ना, तिथे विचारलंस तर कोणीतरी मापाने शिवून देतो, ब्रँडेड पट्ट्याच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. मी तिकडूनच शिवून घेतो.

रत्नागिरीची_टिकटिक
किल्लीवाले दादा, बाकी सगळं पटलं पण रोजच्या लोकलला लेदर? मी कोकणात राहते, आमच्याकडे मे ते ऑक्टोबर लेदरचा पट्टा म्हणजे नुसता छळ. घाम आतल्या अस्तरात मुरतो, मग वास, मग अस्तर सुटायला लागतं. ठाण्याची हवा काही फार वेगळी नाही.

चेन लावायचीच असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. नुसतं २० एमएम लिहिलंय म्हणून कुठलीही चेन बसत नाही. पट्टा सरळ काठाचा असतो त्यामुळे तो कुठेही चालतो, पण चेनच्या टोकाचा तुकडा, ज्याला एंड लिंक म्हणतात, तो केसच्या (घड्याळाच्या धातूच्या डबीच्या) गोलाईला तंतोतंत टेकायला हवा. तसा नसला तर मध्ये फट राहते किंवा तो तुकडा खुळखुळतो आणि लगच्या (पट्टा जिथे अडकतो त्या केसच्या शिंगांच्या) आतल्या बाजूला घासून ओरखडे पाडतो. लिमिटेड एडिशनवर ते बघवणार नाही तुम्हाला. कॉकटेल टाइमची ४०.५ एमएमची केस आहे, त्याच केसमध्ये चेनवाली रेग्युलर मॉडेलं येतात, तीच ओरिजिनल चेन स्पेअर म्हणून मागवा. डीलरला तुमच्या घड्याळाच्या मागे कोरलेला केस कोड दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका.

ते नाही मिळालं तर मिलानीज जाळी, म्हणजे बारीक विणलेल्या स्टीलच्या तारेचा पट्टा. तिचं टोक सरळ असतं त्यामुळे एंड लिंकची भानगडच नाही, पातळ असते, घाम लगेच वाळतो, आणि निळ्या डायलवर पॉलिश्ड जाळी खरंच सुंदर दिसते. क्लास्प सरकवून पाहिजे तिथे बसवता येतो, म्हणजे दुपारी मनगट फुगलं की एक घर सैल. माझं उन्हाळ्यातलं उत्तर तेच आहे.

परदेशी_पुणेकर
मी ड्युसेलडॉर्फला असतो, इथे जपानी वस्ती मोठी आहे त्यामुळे सेको बघायला भरपूर मिळतात. माझं मत तुमच्या मित्रासारखं, हे घड्याळ लेदरवरच शोभतं. त्याची काच उंच, केस सगळी पॉलिश, काटे लांब आणि नाजूक. त्याला जड पॉलिश्ड चेन लावली की मनगटावर चकाकी इतकी होते की डायलकडे लक्षच जात नाही, आणि पैसे तर आपण डायलचेच मोजलेत ना.

कोणी नेटो पट्टा सुचवेल म्हणून आधीच सांगून ठेवतो, नको. मलाही तो पट्टा आवडतो, त्याचा इतिहासही छान आहे, ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली स्पेसिफिकेशन काढलं, करड्या नायलॉनचा, २० एमएम रुंद. एक पिन तुटली तरी घड्याळ पडत नाही, सैनिकासाठी ते बरोबरच. पण नायलॉनचे दोन थर घड्याळाखालून जातात. हे घड्याळ आधीच ११.८ एमएम जाड, त्यात खाली ते थर, शर्टाची बाही वर चढणारच नाही. वर मागची काच झाकली जाते, आतलं मशीन दिसावं म्हणून तर ती काच दिलीय.

पावसाळ्यासाठी पर्लॉन बघा, विणलेला नायलॉन, एकच थर, भोकं पाडावी लागत नाहीत, बकलचा काटा विणीत कुठेही घुसतो. धुवून पंख्याखाली टाकला की वाळला. निळ्यावर करडा पर्लॉन छान जातो. आणि पाण्याचं लक्षात असू द्या, ५० मीटर लिहिलंय आणि क्राउन (बाजूची चावी) स्क्रूचा नाही, त्यामुळे चेन घाला नाहीतर रबर घाला, भर पावसात भिजवायचं हे घड्याळ नव्हे. लोकलला मुसळधार असेल त्या दिवशी दुसरं काहीतरी घाला.

कोल्हापुरी_काफ
धारावीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडे कोल्हापुरात चपलेचं कातडं बाभळीची साल, हिरडा असल्या नैसर्गिक वस्तूंत कमावतात, क्रोमची रसायनं वापरत नाहीत. त्या कातड्याचा घड्याळाचा पट्टा मी एका कारागिराकडून शिवून घेतलाय. सुरुवातीला फिका मधासारखा रंग, आणि वापरून वापरून जो गडद होत जातो तो बघण्यात वेगळाच आनंद आहे, दोन माणसांचे पट्टे एकसारखे कधीच होत नाहीत. निळ्या डायलला हा रंग फार छान उठून दिसतो, नक्की विचार करा.

फक्त कारागिराला तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. जाडी लगजवळ तीन एमएमच्या वर नको, शेवटाकडे दोन. रुंदी बकलकडे १६ पर्यंत उतरती. आणि आतून वेगळं अस्तर, कारण नैसर्गिक कमावलेलं कातडं घामाने रंग सोडतं आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीला लागलं की निघत नाही. चपला शिवणाऱ्याचा हात जाड कातड्याला सरावलेला असतो, त्यामुळे जुना पट्टा नमुन्याला देणं सगळ्यात चांगलं.

ठाणेकर_२०एमएम
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी दुकानात पण सांगत नाही. ओरिजिनल पट्टा काढायचं पक्कं केलं. ताई, केस कोडचं मला ठाऊकच नव्हतं, डीलरला फोटो पाठवतो. आत्तासाठी कोल्हापुरी लेदर आणि जूनपासून जाळी असा विचार चाललाय. दोन प्रश्न. पट्टे बदलताना लगवर ओरखडे येऊ नयेत म्हणून काय करता? आणि सव्वासहा मनगटाला ओरिजिनल फोल्डिंग क्लास्प नव्या पट्ट्यावर लावू की साधं बकल?

रत्नागिरीची_टिकटिक
लगच्या चारही टोकांना आतून-मागून मास्किंग टेप लावा, साधी रंगकामाची कागदी टेप, सेलोटेप नको. टाचणी, सुरीचं टोक असले प्रयोग अजिबात नको. बर्जॉनचं ६७६७ टूल घ्या, महाग वाटेल पण आयुष्यभर पुरतं. घड्याळ मऊ फडक्यावर पालथं ठेवायचं, टूलचा काटा स्प्रिंग बारच्या (पट्टा लगला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या दांडीच्या) खांद्यात अडकवून आत दाबायचा, आणि दुसरं बोट वरून धरून ठेवायचं कारण तो बार सुटला की खोलीत कुठे जातो ते सापडत नाही. शिवून घेणारच आहात तर क्विक रिलीजचे बार मागा, मग नखाने निघतो.

किल्लीवाला
साधं बकल. ओरिजिनल क्लास्प पट्ट्याबरोबरच राहू दे, आणि तुझ्या मनगटाला फोल्डिंग क्लास्पची पाती लांब पडतात, ती मधोमध न बसता एका बाजूला सरकतात आणि टेबलावर हात टेकला की टोचतात. पट्टा पण रेडीमेड घेशील तर लांबी बघ, नेहमीचा १२०/७५ चा (पट्ट्याच्या दोन भागांची लांबी, एमएममध्ये) तुला मोठा होईल, शेपूट पार मागे जाईल. शिवून घेताना १०५/६५ सांग, भोकं सहा एमएमच्या अंतरावर. आणि मोजायला जाशील तेव्हा घड्याळ हातात घालूनच जा, नुसत्या मनगटाचं माप दिलं की बकल मधोमध येत नाही.