प्रतिसाद: जोडलेल्या फाइली आणि रिलेटिव्ह पाथ

वर कोणीतरी म्हटलंय की एचटीटीपी/2 (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची सुधारित पद्धत) आल्यापासून वेबसाइटच्या सीएसएस (पानाची सजावट सांगणाऱ्या) आणि जावास्क्रिप्ट फाइली एकत्र करायची गरजच उरली नाही. अर्धंच पटलं. एकाच कनेक्शनवर अनेक फाइली येतात हे खरं, पण शंभरेक चिटुकल्या फाइलींपेक्षा दोन-चार मोठ्या फाइली जीझिपमध्ये (पाठवण्याआधी आकार कमी करणारी पद्धत) जास्त दाबल्या जातात, त्यामुळे फायदा अजूनही आहे. मात्र सर्व्हरवरच्या पीएचपीने प्रत्येक रिक्वेस्टला बसून मिनिफाय करणं (कोडमधल्या अनावश्यक जागा, टिपा काढून फाइल लहान करणं) नकोच, ते डिप्लॉय करताना, म्हणजे साइट लाइव्हवर चढवतानाच एकदा उरकावं.

चर्चेत एक मुद्दा राहिलाय तो सीएसएसमधल्या पाथचा. ब्राउझर यूआरएलमधला रिलेटिव्ह पाथ (पूर्ण पत्ता न देता एखाद्या जागेपासून सांगितलेला रस्ता) ती सीएसएस फाइल जिथे आहे तिथून मोजतो, पानापासून नाही. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये थीमच्या आतल्या फोल्डरमधली सीएसएस नुसती पीएचपीच्या फाइल-गेट-कंटेन्ट्स या फंक्शनने वाचून एकाला एक जोडून कॅश फोल्डरमध्ये टाकलेली होती, लोकलला (स्वतःच्या मशीनवर) मिनिफाय बंद असल्यामुळे सगळं छान आणि लाइव्हवर आयकॉन फॉन्ट गायब, सगळीकडे चौकोन! म्हणून जोडताना पाथ नव्या जागेप्रमाणे बदलून देणारीच लायब्ररी घ्या, आणि तिला आउटपुटचा पाथ आठवणीने द्या, नाहीतर तिला तरी कसं कळणार कुठून मोजायचं. ॲट-इम्पोर्टच्या (दुसरी सीएसएस फाइल आत ओढणाऱ्या) ओळीही तपासा, मधोमध आल्या की ब्राउझर त्या मुकाट्याने सोडून देतो. जावास्क्रिप्ट जोडताना दोन फाइलींच्या मध्ये नवी ओळ आणि सेमिकोलन टाकाच, पुढची फाइल कंसाने सुरू होत असेल तर आधीच्या फाइलचा शेवट फंक्शन म्हणून कॉल होतो आणि एरर भलत्याच ठिकाणी दिसते.