मदत हवी आहे: लिनक्सवर जुन्या मराठी फाँटचा डोंगल

नमस्कार मंडळी,

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. माझ्या जुन्या संगणकात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही, त्यामुळे विंडोज ११ चा प्रश्नच नव्हता. लिनक्स मिंट २२ टाकले आणि मनापासून आवडले. मेल, लिब्रेऑफिस, युनिकोड मराठी टायपिंग, सगळे मस्त चालते. गाडे एकाच ठिकाणी अडले आहे.

मी अक्षरजुळणीची कामे घेतो. वडिलांच्या वेळच्या पुस्तकांच्या फाइली पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्याही जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये. ते फाँट ज्या सॉफ्टवेअरमधून लोड होतात, ते यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरचे कुलूप उघडणारी छोटी काडी, नेटचा डोंगल नव्हे) लावल्याशिवाय उघडत नाही. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) पाहिले, तर 'लॉक सापडले नाही' म्हणून बंद. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसणारा असल्याने वाइनमध्ये तो चालणारच नाही, हे मागाहून कळले.

मग व्हर्ट-मॅनेजरमध्ये विंडोज ७ चे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आत चालणारा आभासी संगणक, केले (नेट पूर्ण बंद). तिथेही डोंगल दिसेना. दोन रात्री घालवल्यावर मशीनचा यूएसबी कंट्रोलर ३ वरून २ वर आणला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलचे नाव उमटले! विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळातच नसतो. कोणी हे करणार असाल तर आधी तेवढे बघा.

सगळे युनिकोडमध्ये का नेत नाही, असे विचाराल. नेतोच आहे. पण माझ्या कन्व्हर्टरमधून 'पायऱ्या'च्या 'पायर्या' होतात आणि 'दऱ्या'चा 'दर्या'. 'पायर्या' निदान डोळ्यांना खटकते. 'दर्या' हा शब्दही खराच, त्यामुळे स्पेलचेकर काही बोलत नाही. प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडूनच पाहावी लागते, आणि मूळ पान उघडायला डोंगल हवाच.

आता अडचण अशी की संगणक स्लीपमधून उठला की डोंगल व्हर्च्युअल मशीनमधून निघून जातो. दरवेळी 'यूएसबी होस्ट डिव्हाइस' काढून पुन्हा जोडावे लागते. काल अर्धे दुरुस्त केलेले पान त्यातच गेले. डोंगल परत दिसताच 'व्हर्श अटॅच-डिव्हाइस' (व्हर्च्युअल मशीनला उपकरण जोडणारी कमांड) आपोआप चालेल असा यूडेव्हचा (उपकरणे जोडली-काढली की ठरलेले काम करणारी लिनक्सची यंत्रणा) नियम कोणी लिहिला आहे का? असल्यास जसाच्या तसा इथे टाकाल का? टर्मिनलची भीती नाही, पण यूडेव्हला आजवर हात लावलेला नाही.